खरं बोलले आणि हळद अडली

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या म्हणून संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा मी सवयीने म्हणाले, "परवा घेऊन जा." त्या बिचाऱ्या खरंच तिसऱ्या दिवशी दारात उभ्या. मला इतकी दया आली की चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हटलं, "लेख झालाच आहे, फक्त हुकं लावायची बाकी आहेत." त्यांना काही कळलं नाही. त्या रेडिमेड कपडे घालतात.

मी भांडुपला लेडीज टेलरचं दुकान चालवायचे. दुकान म्हणजे एका बिल्डिंगच्या जिन्याखालची जागा, दोन मशीन, एक कटिंगचं टेबल आणि एक पडदा. टेबलाशी मी, पडद्यामागे माझा कारीगर रफिक मास्टर. अख्खा जन्म त्या जिन्याखाली गेला. त्या जन्मात मी गिऱ्हाइकांशी मनसोक्त खोटं बोलले आणि एकाही मुलीचं लग्न अडलं नाही. शेवटी एकदाच खरं बोलले, तर हिराबायच्या लेकीवर, पूर्वावर, हळदीच्या दिवशी ब्लाऊजशिवाय बसायची पाळी आली. ते कसं झालं ते सांगते. पण त्याआधी आमच्या धंद्यातले वार कसे मोजतात ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही मलाच वेडी ठरवाल.

लोकांना वाटतं, टेलर आळशी म्हणून तारखा चुकवतात. तसं नसतं. ब्लाऊज शिवायला वेळ लागत नाही, ब्लाऊजची पाळी यायला लागतो. लग्नसराईत माझ्याकडे पिशव्यांची थप्पी जिन्याला खालून टेकायची. अशा वेळी नव्या बाईला मी खरं सांगितलं, की बाई तीन आठवडे लागतील, तर ती समोरच्याकडे जाणार. तो सांगणार परवा, आणि लावणार तीनच आठवडे. मग मीही परवाच सांगायचे. भांडुपपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही लेडीज टेलरला विचारून बघा, परवाच सांगेल.

बायकाही काही दूधखुळ्या नव्हत्या. मी "मशीनवर टाकलाय" म्हटलं की त्या समजायच्या, पिशवी सापडत नाहीये. "अस्तर भिजत घातलंय" म्हणजे पिशवी सापडली पण कात्री लागलेली नाही. खरं तर अस्तर आधी भिजवावंच लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाऊज अंगात शिरत नाही. पण माझं एक अस्तर महिना महिना भिजायचं. "कारीगर गावाला गेलाय" म्हणजे कारीगर पडद्यामागे चहा पितोय. रफिक मास्टरला बिचाऱ्याला अशा वेळी खोकलासुद्धा दाबून धरावा लागायचा. "बाई, हम साल में कितनी बार गांव जाता है?" असं तो विचारायचा. मी म्हणायचे, "तू कशाला मोजतोस, तिकीट तर लागत नाही ना?"

उलट बाजूनेही तेच. बाई म्हणाली, बुधवारी लग्न आहे, की मी मनात त्यानंतरचा रविवार धरायचे. कारण टेलरला खरी तारीख सांगणारी बाई मी पाहिली नव्हती. लग्नाची पत्रिका ब्लाऊज हातात पडल्यावरच पर्समधून बाहेर यायची. आधी दिली तर तारीख फुटेल ना. पत्रिका देऊन वर म्हणणार, "यायचं हं ताई, नक्की," आणि मी तारीख बघून न बघितल्यासारखं करणार. दोघी खोटं बोलायचो, दोघींना माहीत असायचं, त्यामुळे कपडा अगदी वेळेवर मिळायचा. भांडण तर कधीच नाही.

हा हिशेब फक्त एकीने मोडला होता, मुलुंडच्या फिलोमिनाबाईंनी. त्या ख्रिस्ती, जुन्या गावठाणातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. त्यांना मी पहिल्यांदाच परवा सांगितलं आणि परवा सकाळी त्या दुकानात हजर. मी म्हटलं, "मशीनवर टाकलाय." त्या म्हणाल्या, "बरं, मग बसते." स्टुलावर बसल्या, पर्समधून जपमाळ काढली आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. आता देवाचं नाव घेणाऱ्या बाईसमोर किती वेळ खोटं बोलणार? मी पिशवी शोधली, कापला, शिवला, हुकं लावली. जपमाळ संपायच्या आत ब्लाऊज तयार. जाताना म्हणाल्या, "बघ, म्हणालीस तसं दिलंस." पुढे त्या आल्या की मी आधी थप्पीकडे बघून मगच तोंड उघडायचे.

बाकी सगळ्यांत पटाईत म्हणजे हिराबाय. भांडुपच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासळीचा गाळा, आवाज असा की समोरच्या रिक्षाने आपोआप ब्रेक मारावा. माझं तिच्याशी वर्षानुवर्षांचं जमलेलं. नारळी पौर्णिमेचे तिचे ब्लाऊज तेवढे मी ठरल्या दिवशी द्यायचे, कारण तो चंद्र दोघींनाही दिसायचा, तिथे थापा मारून उपयोग नव्हता. बाकी वर्षभर ती मला वार सांगायची, मी तिला वार सांगायचे, आणि दोघी आपापल्या मनात बदलून घ्यायचो. ती म्हणायची, "सुलू, तू शुक्रवार बोललीस की मी मंगळवारी येते. तुझा शुक्रवार मंगळवारीच उजाडतो गो." आणि खरंच, मंगळवारी ब्लाऊज तयार असायचा. माझे सासरे एकदाच वारले, पण लग्नसराईत दोनदा उपयोगी पडले, हेसुद्धा तिच्याच लक्षात आलं होतं. तिने पहिल्या वेळी डोळे पुसले आणि दुसऱ्या वेळी विचारलं, "तेच का गो?"

तर अशी गाडी सुरळीत चालली होती. मग माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. सुईत दोरा ओवताना दोन सुया दिसायच्या आणि दोरा तिसरीकडेच जायचा. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून घ्या, मंगळवारची वेळ दिली. मी ठरवलं, आता पुरे. हातातली कामं संपवायची, सगळ्यांचे कपडे द्यायचे आणि ऑपरेशननंतर दुकान बंद. गुडघेही बोलायला लागले होतेच.

माझी सून मानसी बँकेत आहे. सुट्टी काढून मदतीला आली, दोन दिवस टेबलाशी बसली आणि तिसऱ्या दिवशी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आई, तुम्ही दिवसभर खोटं बोलता."

"अगं, खोटं नाही ते. टेलरिंग आहे."

"निदान शेवटचे कपडे तरी खरं सांगून देऊ या. मी सगळ्यांना मेसेज करते. आणि त्यांनाही खऱ्या तारखा विचारते."

पोरगी प्रेमाने म्हणत होती. मलाही वाटलं, जाता जाता एकदा तरी कोणीतरी माझा शब्द जसाच्या तसा घ्यावा. अख्खा जन्म आपण नुसतं वजाबाकी करून ऐकले गेलो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदाच लागलं. म्हटलं, कर.

तेवढ्यात हिराबाय आली, पूर्वाच्या लग्नाची कापडं आणि मापाचा जुना ब्लाऊज द्यायला. हळदीचा पिवळा ब्लाऊज, लग्नाचा हिरवा. मानसीने मोबाइल समोर धरून विचारलं, "मावशी, लग्न कधी आहे? खरं सांगा हं." हिराबायने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बुधवारी. मंगळवारी हळद."

ती गेल्यावर मी मानसीला म्हटलं, "म्हणजे रविवारी. हळद शनिवारी."

"आई, त्या खरं बोलत होत्या."

"मानसी, तू बँकेत आहेस. तुझ्याकडे लोक कागद घेऊन येतात. माझ्याकडे पोट आत ओढून येतात. मला माहीत आहे कोण कसलं खरं बोलतं."

रफिक मास्टर आणि मी रात्रंदिवस बसलो. गुरुवारी सगळे कपडे शिवून झाले. मास्टरला मी गळ्यात पडून निरोप दिला आणि तो गावाला गेला. खरंच गेला. मानसीने सगळ्यांना मेसेज धाडला: आपले कपडे शुक्रवारी सकाळी तयार आहेत, सोमवारपर्यंत न्यावेत, मंगळवारी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे दुकान बंद राहील, त्यानंतर कायमचं बंद.

शुक्रवारी सकाळी मी साडी नेसून, गजरा घालून दुकानात बसले. तारेवर तयार ब्लाऊज रांगेने लटकत होते. असं दृश्य मी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या दुकानात तयार कपडा कधी दिसतच नसे, दिसायच्या त्या पिशव्या. आणि एकही बाई आली नाही.

दुपारी मी फोन करायला सुरुवात केली. एकजण म्हणाली, "हो ना ताई, तयार आहे ना? मग पुढच्या आठवड्यात येते." दुसरी म्हणाली, "घाई करू नका, निवांत शिवा." मी म्हटलं, "अहो, शिवलाय, समोर लटकतोय." ती हसून म्हणाली, "हो, लटकवलंय तुम्ही मला, ते माहीत आहे." ऑपरेशनचं सांगितलं तर तिसरी म्हणाली, "हे नवीन आहे हं, सासऱ्यांपेक्षा बरं." मग मी ओरडलेच तिच्यावर. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि डॉक्टरांनी डोळा चोळू नका सांगितलं होतं, त्यामुळे ते तसंच गालावरून खाली आलं.

फक्त फिलोमिनाबाई शुक्रवारी अकराला आल्या. ब्लाऊज घेतला, माझ्या डोळ्यासाठी प्रार्थना करते म्हणाल्या आणि गेल्या. सोमवारपर्यंत आणखी चारदोन जणी वाट चुकल्यासारख्या आल्या. हिराबायची मला काळजीच नव्हती. पूर्वाचं लग्न रविवारी, माझ्या हिशेबात पुष्कळ वेळ होता.

मंगळवारी सकाळी मुलुंडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मला हिरवा झगा घातला, केसांवर टोपी, उजव्या भुवईवर चिकटपट्टी, की डॉक्टरांनी चुकून डावा डोळा उघडू नये. दर थोड्या वेळाने सिस्टर येऊन डोळ्यात थेंब घालायची. जग सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात मानसीचा फोन वाजला आणि तिचा चेहरा उतरला. चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाजावरून कळलं.

"हिरामावशी दुकानासमोर उभ्या आहेत. म्हणतात, बोर्ड लावून आत बसलात, ते उघडा."

"सांग, ऑपरेशन आहे."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, कुठल्या दवाखान्यात ते सांग, मी येऊन बघते."

अर्ध्या तासात ती पूर्वाला घेऊन आली. आवाज आधी आला, मग ती. माझ्यासमोर उभी राहिली. मग सिस्टरला विचारलं, "हिचं खरंच ऑपरेशन हाय?"

"हो."

"कुठल्या डोळ्याचं?"

"उजव्या."

हिराबायने वाकून माझ्या भुवईवरची पट्टी नखाने जरा उचलून पाहिली. सिस्टर ओरडली. मग हिराबाय मटकन बाजूच्या खुर्चीत बसली. "खरंच होतं गो," म्हणाली. "आणि आज संध्याकाळी हळद हाय."

मी हसले. "शनिवारी असेल."

तिने पर्समधून पत्रिका काढली. मला दिसत नव्हतं म्हणून मानसीने वाचली. हळद मंगळवार, लग्न बुधवार. ब्लाऊज हातात नसताना पत्रिका बाहेर आली, तेव्हाच मी काय ते समजले होते.

"तू खरं बोललीस?" मी विचारलं.

"तुझी सून पोरीसारखी समोर मोबाइल धरून उभी. तोंडातून खोटं निघालंच नाय."

"आणि मी शुक्रवार म्हटलं तर तू शुक्रवारी का नाही आलीस?"

"तू कधी शुक्रवारला शुक्रवार म्हणालीस?"

दोघी खरं बोललो होतो, तीच चूक झाली होती.

मानसी चावी घेऊन रिक्षाने पळाली आणि दोन्ही ब्लाऊज आणि माझा सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली. पूर्वाने बाथरूममध्ये पिवळा घालून पाहिला. बाहेर आली ती दोन्ही हातांनी धरून. लग्नात बारीक दिसायचं म्हणून पोरीने महिनाभर भात सोडला होता, आणि ब्लाऊज अंगावर नुसता झुलत होता. मी सवयीने म्हटलं, "मास्टरला बोलाव." मानसी म्हणाली, "आई, मास्टर गावाला गेलेत." मी तिला दोनदा विचारलं, नक्की ना, म्हणून. इतकी वर्षं त्याला खोटं पाठवलं, गरजेच्या वेळी तो खराच गेला होता.

सिस्टर म्हणाली, "आजी, पाच मिनिटांत तुमचा नंबर."

"खरी पाच की दवाखान्याची पाच?"

ती हळूच म्हणाली, "दवाखान्याची."

म्हणजे वेळ होता. मी पूर्वाला समोर उभी केली, हात वर करायला लावले आणि कुशीचं कापड चिमटीत धरून ढिलाई चाचपली. मानसीला टाचण्या लावायला सांगितलं. तिने पहिली टाचणी पूर्वाला टोचली, दुसरी स्वतःला. मग जमलं. आजूबाजूला थेंब घातलेले सगळे पेशंट बसलेले, कोणालाच धड दिसत नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं. एक आजोबा म्हणाले, डावी बाजू अजून सैल वाटतेय. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर रुमाल होता.

शिवणार कोण? मानसीला बटणसुद्धा लावता येत नाही. हिराबायने डबा ओढला. "आण इकडे. बापाची जाळी शिवत वाढले मी." दोरा दुहेरी घेतला, दातात धरला आणि खटाखटा सुरू झाली. मी बोटाने टाके चाचपले. प्रत्येक टाक्याला गाठ.

"हिराबाय, हे ब्लाऊज आहे, जाळं नाही."

"सुटलं तर पोरगी हळदीत नाचणार कशी? गप बस, तुझा नंबर येतोय."

पिवळा झाला, हिरवा अर्ध्यावर होता तेव्हा मला आत नेलं. ऑपरेशनच्या टेबलावरही माझं लक्ष बाहेरच होतं. डॉक्टरांनी विचारलं, काही होतंय का? मी म्हटलं, "डावी बाजू राहिलीय." त्यांनी सिस्टरला माझं बीपी बघायला सांगितलं.

हळद दणक्यात झाली. मानसी माझ्या वतीने गेली होती. म्हणाली, पूर्वा पहाटेपर्यंत नाचली, टाका हलला नाही. नंतर कळलं की लग्न झाल्यावर हिरवा ब्लाऊज कुशीत उसवायला घेतला तर टाके सुटेनात, शेवटी ब्लेडने कापावा लागला. माझ्या हातचा कपडा असा कोणी कधी फाडला नव्हता, पण मला अजिबात वाईट वाटलं नाही.

पट्टी निघाल्यावर हिराबाय घरी आली. पापलेटं आणली, माझ्या डोळ्यात जवळून बघितलं, चांगला दिसतोय म्हणाली. मग पिशवीतून कापड काढलं. पूर्वाच्या धाकट्या बहिणीचं, जांभळं, सोनेरी काठाचं. "हिचं पण ठरतंय," म्हणाली.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "हिराबाय, नीट ऐक. दुकान बंद झालं. मशीन विकली, मास्टर गावाहून परत येणार नाही. मी आता शिवणार नाही, कधीच नाही. हे खरं सांगतेय." इतकी वर्षं ज्या बायकांना मी परवा परवा करत झुलवलं, त्या आता येणार नाहीत, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. माझ्या पाठीवरून हात फिरवला, कापड नीट घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "बरं. मग कधी येऊ?"